परातीच्या धारेवर ऐकलेलं

बेळगाव,
१२ ऑक्टोबर २०२५

अण्णा,

१. शनिवार, २० सप्टेंबर. आपण दोघं वेल्समधल्या ऱ्हीद-दी गावातून वर चढलो. तू पुढे, मी मागे.

२. पहिला डोंगर संपल्यावर खडकाळ कडा लागला. तिथे मी दोन्ही हात वापरले. तू वापरले नाहीस.

३. दुपारी ट्रिम अ धिस्गलच्या माथ्यावर पोहोचलो. उंची ७०९ मीटर. नावाचा अर्थ तू सांगितलास : परातीची धार.

४. तिथे वाऱ्याकडे पाठ करून आईच्या कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी खाल्ली.

५. तिथून आपले रस्ते वेगळे होते. हे आधीच ठरलं होतं. तुला तशीच धार धरून पश्चिमेला जायचं होतं, पलीकडच्या गावात तुझा मित्र गाडी घेऊन येणार होता. मला दक्षिणेच्या सोंडेवरून उतरून परत ऱ्हीद-दीला जायचं होतं, बस होती.

६. निघण्याआधी मी आप्पांचा निरोप सांगितला. तू परत येणार आहेस का, असं त्यांनी विचारलं होतं.

७. तू म्हणालास, "दिवे, तू मला भेटायला आलीस का हे विचारायला?" मी म्हणाले, "दोन्ही."

८. तू पिशवी पाठीला लावलीस आणि चालू लागलास.

९. धार अरुंद होते तिथे तू मान वळवलीस आणि काहीतरी बोललास. वारा आडवा होता. मला "येतो" ऐकू आलं. त्यापुढे एक अक्षर होतं, ते ऐकू आलं नाही. मग तू ढगात गेलास.

१०. त्या दिवसापासून तुझा फोन लागत नाही आणि माझ्या मेसेजला एकच टिक येते. तू सुखरूप आहेस हे मला माहीत आहे, कारण आईला तू अनंत चतुर्दशीचे फोटो बघितल्याचा अंगठा त्यानंतर पाठवलास.

घडलं ते एवढंच. आता प्रश्न.

ते अक्षर "की" होतं का "गं"?

"येतो की" म्हणाला असशील तर ते आप्पांच्या प्रश्नाचं उत्तर होतं. "येतो गं" म्हणाला असशील तर तू फक्त माझा निरोप घेत होतास. आपल्याकडे घरातून बाहेर पडणारा माणूस "जातो" म्हणत नाही, हे मला तुला सांगायला नको. कानडीत विचार करून पाहिला, तर आजीचं "बर्तीनी"सुद्धा तसंच, येणाऱ्याचं आणि जाणाऱ्याचं एकच. इंग्रजीत बोलला असतास तर ही अडचण आली नसती.

मला हे कळायला हवं, त्याचं कारणही लिहून टाकते. जर्मनीत श्टुटगार्टजवळच्या एका मापन प्रयोगशाळेनं मला दोन वर्षांसाठी बोलावलं आहे. तुझ्याकडे येण्याआधी इंग्लंडात आमच्या मोजणीच्या मशीनचं ट्रेनिंग झालं, तेव्हाच त्यांच्या माणसानं विचारलं होतं. जानेवारीअखेर कळवायचं आहे. तू आप्पांचं भांड्यांचं दुकान घेणार नाहीस म्हणून सांगितलंस त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून तू आणि आप्पा बोलत नाही आणि दर शनिवारी बेळगावहून निपाणीला मी जाते. तू येणार असशील तर मी जाऊ शकते. तू येणार नसशील तर मला ते जमेल असं वाटत नाही. घरी यातलं काही बोललेले नाही.

एक अक्षर कळव.

दिव्या


निपाणी,
२४ ऑक्टोबर २०२५

अण्णा,

पहिलं पत्र तुला मिळालं आहे. टपाल खात्याच्या साइटवर तसं दिसतं.

दिवाळीला घरी आहे. परत आल्यावर घरात काय झालं ते तुला माहीत असायला हवं, कारण ते तुझ्या नावावर चाललं आहे.

आईनं दारातच विचारलं, "काय म्हणाला?" मी जेवढं ऐकलं तेवढंच सांगितलं : "येतो म्हणाला." न ऐकलेल्या अक्षराचं सांगितलं नाही. जे ऐकलंच नाही ते कसं सांगायचं, असा माझा तेव्हाचा विचार होता. अजूनही तो मला पूर्ण चुकीचा वाटत नाही.

आई खाली बसली आणि तिनं डोळ्यांना पदर लावला. आजीनं देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले. आप्पांनी चष्मा काढला.

"आपणहून म्हणाला?" त्यांनी विचारलं.

"मी विचारलं, मग म्हणाला."

"परत येतो म्हणाला? कायमचा?"

"येतो म्हणाला."

ते चष्मा पुसत राहिले. मला वाटलं, आनंद झाला.

मग सगळ्यांना तो डोंगर बघायचा होता. मी फोटो दाखवले. तुला त्यातला संवाद कळवते, कारण तू असतास तर हसला असतास.

आप्पा म्हणाले, "नाव काय म्हणालीस ह्याचं?"

"परातीची धार."

"धार मुरडल्याली हाय का सादी?"

"सादी. दोन्ही बाजूंनी सरळ खाली."

"मग हात कापतोय. सादी धार म्या दुकानात ठेवत न्हाय."

मी सांगितलं की डोंगर ७०९ मीटर आहे आणि बेळगाव साडेसातशेच्या आसपास, म्हणजे माझी भाड्याची खोली त्या शिखरापेक्षा उंचावर आहे. आप्पा म्हणाले, "मग त्यो येवढा धापा टाकत चढलाय काय? बेळगावातनं बघितलं तर खड्ड्यात हाय की!" हेच मी तुला माथ्यावर सांगितलं होतं. तू म्हणाला होतास, "दिवे, हे नसतं सांगितलंस तरी चाललं असतं."

दिवस बुडाल्यावर न जेवणाऱ्या धोंडूआजीची चिंता वेगळी आहे.

"तितं दिवस कवा बुडतोय गं?"

"जूनमध्ये रात्री साडेनऊच्या पुढं, आजी. डिसेंबरात चारला."

"म्हंजे डिसेंबरात त्यो चारच्या आत जेवतोय व्हय?"

"औषधाचं दुकान आहे त्याचं. चारला गिऱ्हाईक असतं."

"मग जेवतच न्हाय. म्हणूनच वाळलाय. येऊं दे, येऊं दे हिकडं."

माडीवरची खोली झाडून झाली. आईनं तिथे गीझर बसवून घेतला. तुला थंड पाण्यानं अंघोळ करायची सवय राहिली नसेल, असं तिचं म्हणणं. तू येण्याची तारीख तिनं तुला विचारलेली नाही. मी म्हटलं, विचार की. ती म्हणाली, "येतो म्हणालाय न्हवं? सारखं सारखं इचारलं तर चिडंल." दिवाळीच्या दिवशी तुझा "सगळ्यांना शुभेच्छा" असा मेसेज आला. तो तिनं तीन शेजारणींना दाखवला. "सगळ्यांना" म्हणजे आप्पांनाही, असा त्याचा अर्थ लागला आहे.

तू "गं" म्हणाला असशील तर हे सगळं मला थांबवावं लागेल. "की" म्हणाला असशील तर तारीख कळव.

दिव्या


बेळगाव,
३० नोव्हेंबर २०२५

अण्णा,

उत्तर आलं नाही, म्हणून मी तपासून पाहिलं.

आमच्या कारखान्याच्या शेडमागे कॉम्प्रेसर आहे. तो चालू असताना आवाज जवळजवळ त्या वाऱ्यासारखा येतो. निदान माझ्या आठवणीतल्या वाऱ्यासारखा. जेवणाच्या सुट्टीत भरमूला पलीकडे उभं केलं. भरमू कंग्राळीचा, आमच्या लेथवर असतो, आवाज बऱ्यापैकी तुझ्यासारखा आहे. त्याच्या जोडीच्या शामूला त्याच्याजवळ कागद देऊन बसवलं.

"मॅडम, म्हणायचं काय?"

"कधी 'येतो की', कधी 'येतो गं'. क्रम तुझ्या मनाचा. शामू लिहून ठेवेल तू काय म्हणालास ते. मी काय ऐकलं ते मी लिहीन. मग दोन्ही कागद शेजारी ठेवायचे."

"तुम्हाला 'गं' म्हणू? सायेब हाकलतील मला."

"साहेबांना मी सांगते."

"आन् सायेबांनी माझ्या बायकोला सांगितलं तर?"

शामू म्हणाला, "तू वरड रं. भाकरी वाळायलीय."

तो ओरडला. मान वळवून, चालता चालता, तू वळवली होतीस तशी. मी लिहीत गेले. नंतर कागद शेजारी ठेवले. जवळपास अर्धी उत्तरं बरोबर आणि अर्धी चूक. नाणं उडवलं असतं तरी हेच आलं असतं.

पण आणखी एक गोष्ट दिसली आणि ती आधी भरमूला दिसली. "मॅडम, तुमच्या कागदावर 'की' लई हायत. मी येवढे म्हटलोच न्हाय."

खरं होतं. जिथे त्यानं "गं" म्हटलं होतं तिथे मी पुष्कळदा "की" लिहिलं होतं. उलट फारसं झालं नव्हतं. आमच्याकडे एखादं मशीन असं एकाच बाजूला चुकायला लागलं की त्यावर लाल चिठ्ठी लावतात आणि ते दुरुस्त होईपर्यंत त्यावर काही मोजत नाहीत.

"कुणाचं येणं हाय म्हणायचं येवढं?" भरमूनं विचारलं.

"भावाचं."

"मग फोन करा की त्याला."

"लागत नाही."

"मग येत न्हाय त्यो," असं तो सहज म्हणून गेला. मग माझ्याकडे बघून त्यानं शामूच्या डब्यातली मिरची उचलली आणि खाली बघून खात बसला.

तो दिवस मी पुन्हा पुन्हा सुरुवातीपासून आठवते आहे. खाली रस्त्यावर दोन भाषांत लिहिलेलं "हळू" होतं, वेल्श वर आणि इंग्रजी खाली, आणि तू म्हणालास की इथंही एके काळी लोक पाट्यांना रंग फासायचे, आता दोन्ही वाचतात. हे बोलताना तू "इथं" म्हणालास. वेल्ससाठी. मग चढताना म्हणालास, "आपल्याकडं ह्या दिवसांत गणपती उरकलेले असतात." "आपल्याकडं" म्हणजे निपाणी. दोन्ही शब्द मी लिहून काढले आणि त्यांतून काही निघत नाही. माथ्यावर भाकरीचा तुकडा वाऱ्यानं उडाला तेव्हा तू कानडीत शिवी दिलीस. त्यातूनही काही निघत नाही.

मी ज्या खिंडीत उतरले तिच्या नावाचा अर्थ मी मुक्कामावर येऊन पाहिला. दोन तिरड्यांची खिंड. एका गावचे लोक मढं तिथवर आणायचे, पुढे दुसऱ्या तिरडीवर दुसरे लोक खांदा द्यायचे. तू मला तो रस्ता दाखवलास तेव्हा हे सांगितलं नाहीस. विसरला असशील. मी त्याचा काही अर्थ लावत नाही. फक्त वाचल्यावर थोडा वेळ झोप लागली नाही.

माझा कान या कामाचा राहिलेला नाही, हे मी मान्य करते. म्हणून तूच सांगायला हवंस.

दिव्या


निपाणी,
११ जानेवारी २०२६

अण्णा,

मी आप्पांना सांगितलं. ठरवून नाही. काल दुकानात बसले होते.

संक्रांतीची गर्दी होती. वाणाला वाट्या, चमचे, हळदीकुंकवाच्या कुयऱ्या, सगळ्या डझनावर. मालुबाई आल्या होत्या, आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या. दोन डझन वाट्या घेतल्या आणि म्हणाल्या, "नावं फुकट घालून देणार न्हवं?"

आप्पा म्हणाले, "दोन डझन नावं? हात मोडंल माझा."

"थोरला आला की त्याच्याकडनं घालून घेतो. येतोय म्हणं? आता लग्नाची भांडी येगळी काढून ठेवा तवनाप्पा. हंडा बिंडा."

"बघू की," आप्पा म्हणाले आणि वाट्या बांधायला लागले. मालुबाई गेल्यावरही ते सुतळी हातात धरून बसले होते. मला राहवलं नाही.

"आप्पा, तो येतो म्हणाला. पण कुठलं 'येतो' ते मला माहीत नाही."

"म्हंजे?"

मी सगळं सांगितलं. वारा, अक्षर, "की" आणि "गं". कॉम्प्रेसरचंसुद्धा. मग त्यांनी विचारलं,

"तू काय इचारलंतीस त्याला?"

"तुम्ही सांगितलं तेच. परत येणार का."

"म्या असं न्हवतं सांगितलं."

"मग?"

"येणं-जाणं ठेवणार हाईस का म्हणून इचार, म्हटलंतं म्या. स्टँडवर. तुझी बॅग वर चढवताना."

"तेच की, आप्पा."

"तेच कसं?" त्यांनी सुतळी खाली ठेवली. "परत ये म्हणणं येगळं. दुकानावर बस म्हणणं तर लईच येगळं. ते एकदा म्हटलो आन् तीन वर्सं झाली, पोरगं बोलत न्हाय. परत तेच इचारीन व्हय म्या? येणं-जाणं म्हंजे सणाला त्यानं यावं. एकदा आमी जावं."

"तुम्ही जायचं? वेल्सला?"

"का? मला जाता येत न्हाय व्हय? पासपोर्ट काढलाय म्या. सरावणात काढला. बेळगावला येऊन फोटो दिला आन् ठसे दिले, तुझ्या खोलीवर आलो न्हाय, इचारत बसशील म्हणून."

अण्णा, तू मला ओळखतोस. मी वाक्यं लहान करते. कामाच्या मेलमध्ये, घरी, सगळीकडे. स्टँडवर गाडीचा कंडक्टर घाई करत होता आणि आप्पांच्या वाक्यातलं "जाणं" मला भरतीचं वाटलं. "येणं-जाणं"मधलं "येणं" तेवढं मी घेतलं. माथ्यावर तुझ्यासमोर ठेवलं ते तेवढंच. आप्पांचा प्रश्न होता की तू संबंध ठेवणार का. मी विचारला तो प्रश्न माझा होता, मला जायचं होतं म्हणून. हे मला काल दुपारी वाट्यांच्या ढिगासमोर कळलं. तोपर्यंत मी त्याला आप्पांचाच समजत होते. खरंच समजत होते का, हे आता मला नीट सांगता येत नाही.

म्हणजे तू "की" म्हणाला असशील किंवा "गं", ते आप्पांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतंच. तो प्रश्न तुझ्यापर्यंत पोहोचलाच नाही. मी इतके महिने ज्या अक्षरामागे लागले आहे, ते कशाचं उत्तर होतं ते मला कळेनासं झालं आहे.

आप्पांना विचारलं, "मी आल्यावर 'येतो' म्हणाला असं सांगितलं, तेव्हाच का नाही बोललात?"

"मला वाटलं, म्या येवढंच इचारलं आन् त्यो आपणहून परत यायचं म्हणाला. मंग कोण कशाला बोलंल?"

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, त्याला कुकरची शिट्टी हवी होती. ती देऊन झाल्यावर मी म्हणाले, "आप्पा, मला जर्मनीला बोलावलंय. दोन वर्षं."

त्यांनी शिट्ट्यांचा डबा बंद केला, परत उघडला, परत बंद केला.

"मग तुलाबी तेच इचारायचं काय आता?"

मी हो म्हणाले. ते विचारायला हो होतं का ठेवीन म्हणून हो होतं, हे त्यांनी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

दिव्या


बेळगाव,
१ फेब्रुवारी २०२६

अण्णा,

मी जर्मनीच्या लोकांना होकार कळवला. शुक्रवारी सही करून पाठवलं. १५ मार्चला बेळगावातून निघते. तुझ्या उत्तरासाठी थांबले नाही, कारण ज्या प्रश्नासाठी थांबले होते तो तुला विचारायचा प्रश्न नव्हता. मी योग्य केलं का, हे ठाऊक नाही. सही लगेच करून टाकली आणि त्याचं मला नंतर वाईट वाटलं.

आईला सगळं सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ते असं : "एक त्या टोकाला, एक ह्या टोकाला, आन् ह्यो म्हातारा परात बघाय जाणार. म्या काय गीझर राखत बसू?"

आप्पा म्हणाले, "मग तूबी चल की."

"मला कोण 'ये' म्हटलंय?"

आप्पांनाही कुणी म्हटलेलं नाही. त्यांनी पासपोर्ट काढला, फोटो दिला, ठसे दिले आणि पुढे काय करायचं ते त्यांना माहीत नाही. आजी तेवढी म्हणाली की म्हातारीला न्यायची गरज नाही, तिथला दिवस भरवशाचा नाही.

माडीवरची खोली अजून तशीच आहे. आई अधूनमधून गीझर चालू करून बघते, बिघडला नाही ना म्हणून. गल्लीत तू येणार असंच अजून समजतात. कुणी विचारलं की आई "व्हय" म्हणते आणि मी बाजूला बघते.

मी तुला आता पाच पत्रं लिहिली आणि पाचही मला काय कळलं, काय कळलं नाही याबद्दल आहेत. माथ्यावर तू विचारलंस की मी भेटायला आले का निरोप घेऊन. मी दोन्ही म्हणाले. ते चूक होतं असं नाही, पण निरोप मी बरोबर पोहोचवला नाही, आणि भेटायला आले होते ते तुला त्या निरोपामुळे दिसलं नसणार. तो खडकाळ कडा मला अवघड गेला होता. तू दर वेळी आधी माझा पाय कुठे पडतोय ते बघत होतास आणि मग पुढे जात होतास. हे मी कुठल्याच क्रमांकात लिहिलं नव्हतं.

आप्पांचा निरोप आता त्यांच्याच शब्दांत पोहोचवते, एकही शब्द न काढता : "येणं-जाणं ठेवणार हाईस का?"

याचं उत्तर मला पाठवू नकोस. मी मध्ये उभी राहिले की शब्द गळतात. आप्पांना लिही. मराठीत लिही, ते वाचतील. त्यांनी आणि आईनं मे महिन्यात तिकडे यावं असं तुला वाटत असेल तर तसं सरळ लिही, दोघांची नावं घालून, कारण व्हिसाचा अर्ज मार्चच्या सुरुवातीला करावा लागेल आणि त्याला तुझं बोलावण्याचं पत्र जोडता येईल. आईचा पासपोर्ट त्याआधी मी काढून घेते आणि अर्जही भरून देईन, तेवढे दिवस मी इथे आहे. त्यांनी येऊ नये असं वाटत असेल तर तेही लिही. ते पत्र आप्पा फोडतील. मी फोडणार नाही.

त्या डोंगरावर त्यांना चढवता येईल का, हे बघून ठेव. आईचे गुडघे खडकाळ कड्याला चालणार नाहीत. दक्षिणेच्या सोंडेवरून, मी उतरले त्या बाजूनं, जमेल असं मला वाटतं. खिंडीचं नाव त्यांना सांगू नकोस.

उत्तर शनिवार, २८ फेब्रुवारीपर्यंत निपाणीच्या पत्त्यावर, आप्पांच्या नावानं पोहोचेल असं पाठव.

दिव्या